टाकी फुल, काटा खाली: किनाऱ्यावरच्या बाईकचा पेट्रोलकाटा कसा तपासावा

दरवर्षी ऑगस्ट लागला की माझ्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या यायला सुरुवात होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत एरवी बंदरावर फेऱ्या मारणाऱ्या गाड्या पडवीत, माटवाखाली, नाहीतर होडीशेजारी झापांच्या आडोशाला उभ्या असतात. बंदी उठली की त्या बाहेर निघतात आणि "टाकी फुल केलंय, तरी काटो वर येणा नाय" हे मला दिवसातून दोन-तीनदा ऐकायला मिळतं. पाठोपाठ गणपतीला चाकरमानी येतात. त्यांच्या गावच्या गाडीला मे महिन्यानंतर कोणी चावीसुद्धा लावलेली नसते. निदान मात्र बहुतेकांनी घरूनच करून आणलेलं असतं: "मीटर गेलो, दुसरो घाल."

मीटर क्वचितच गेलेला असतो. मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर मी वीस वर्षं दुचाकी दुरुस्त करतोय. काटा बिघडला म्हणून उघडलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा टाकीखालच्या छोट्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात, नाहीतर अर्थिंगच्या बोल्टवर सापडला आहे. एका गिऱ्हाईकाला एका वर्कशॉपनं आख्खा मीटर बदलून दिला होता. काही हजार गेले आणि महिन्याभरात काटा परत तळाला. माझ्याकडे गाडी आली तेव्हा बॅटरीमागचा अर्थिंगचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. तो माणूस रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून पोट भरतो. त्याचे पैसे असे जायला नको होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

काटा बिघडला तर बिघडला, ट्रिप मीटरवर चालवू, असंही काहीजण म्हणतात. पण आपल्याकडे सागरी रस्त्याला एक पंप सोडला की दुसरा बऱ्याच अंतरावर, आणि रात्री तो उघडा असेलच असं नाही. गेल्या वर्षी एकजण पहाटे कुडाळच्या बाजाराला सुरमई घेऊन निघाला. काटा अर्ध्यावर दाखवत होता आणि धामापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. पेट्रोल मिळेपर्यंत क्रेटमधला बर्फ वितळून गेला होता. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या जवळजवळ सगळ्याच बाईकमध्ये, पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडू दिली तर पंप तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. रिझर्व्हचा कॉकही या गाड्यांना सहसा नसतो. तेव्हा काटा बरोबर असणं ही गरजेची गोष्ट आहे.

आधी लक्षणं नीट बघा

गाडी उघडायच्या आधी दोन दिवस काटा नेमका काय करतो ते बघा. माझं अर्धं निदान गिऱ्हाईकाच्या बोलण्यातूनच होतं.

काटा कायम तळाला, टाकी फुल असली तरी. किंवा कायम वरच्या टोकाला, टाकी रिकामी झाली तरी. या दोन्हींचा अर्थ बहुतेक एकच असतो: वायरीचा मार्ग कुठेतरी तुटलाय किंवा कुठेतरी भलतीकडे जोडला गेलाय.

काटा अर्ध्यापर्यंत व्यवस्थित येतो, तिथे अडकून बसतो आणि मग एकदम खाली पडतो. हे टाकीतल्या, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचं लक्षण.

काटा थरथरतो, खड्ड्यात उडी मारतो. थोडंफार हलणं चालतं, कारण टाकीत पेट्रोल हिंदकळतं. सपाट रस्त्यावरही नाचत असेल तर सैल जोड.

इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर काटा हलतो, किंवा ब्रेक दाबला की खाली जातो. हे लक्षण दिसलं तर मला आनंदच होतो. अर्थिंग खराब आहे किंवा बॅटरी कमजोर आहे, आणि दोन्ही स्वस्तात सुटतं.

सकाळी चुकीचा आणि उन्हं वर आली की बरोबर. किंवा पावसात चुकीचा, उघडीप मिळाली की बरोबर. कपलरमध्ये ओल आहे.

डिजिटल मीटर असेल तर पट्ट्या लुकलुकतात किंवा सगळ्याच गायब होतात. बऱ्याच कंपन्यांनी हा सेन्सरची वायर तुटल्याचा इशारा म्हणून ठेवलेला असतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात एकदा बघून घ्या.

हे चालतं कसं

एवढं समजून घेतलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळते. टाकीत एका दांड्याच्या टोकाला फ्लोट असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाची पत्ती एका रोधाच्या पट्टीवर सरकते. पत्ती जिथे टेकते त्याप्रमाणे विजेला होणारा विरोध कमी-जास्त होतो. तेवढाच करंट मीटरमधून येतो आणि काटा त्याप्रमाणे फिरतो. करंटचा परतीचा रस्ता अर्थिंगमधून, म्हणजे चासीवरून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो.

आता बघा, या वाटेवर कुठेही गंज चढला की तो स्वतःचा विरोध त्यात मिळवतो. मीटरला वाटतं टाकीतलं पेट्रोलच बदललं. सेन्सर आणि मीटर दोघंही धडधाकट असताना काटा खोटं बोलतो तो असा. आणि गंज चढवायला आपला खारा वारा बारमाही हजर आहे. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. सगळ्यांत वाईट अवस्था मासे वाहणाऱ्या गाड्यांची. मागच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी थेंब थेंब सीटखाली उतरतं, आणि बॅटरी, फ्यूज, अर्थिंगचा बोल्ट सगळं तिथेच असतं.

पैसे न घालता करायच्या तपासण्या

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कोणाला तरी सरळ धरायला सांगा. चावी चालू करून दोन मिनिटं थांबा आणि मग काटा वाचा. साइड स्टँडवर गाडी कलते, पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट चुकीच्या उंचीला राहतो. चढ-उतारावरही तसंच. शिवाय काटा नाचू नये म्हणून बऱ्याच मीटरमध्ये तो मुद्दाम सावकाश फिरेल असा बनवलेला असतो. पेट्रोल भरल्यावर लगेच बघितलं तर तो जुनंच दाखवतो. फोंडा घाट उतरताना काटा खाली गेला म्हणून घाबरून आलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या गाडीत दोष काहीच नव्हता.

टाकीत खरंच किती पेट्रोल आहे याची खात्री करा. झाकण उघडून उजेडात बघा. काडी पेटवून किंवा लायटर लावून कधीही बघू नका. हे लिहावं लागतंय कारण असं करताना मी माणसाला हात धरून थांबवलंय.

मग चावी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा हळूहळू फिरवा आणि काट्यावर नजर ठेवा. मीटरकडे जाणारा वायरींचा जुडगा हँडलच्या मानेशी रोज वाकतो-सरळ होतो. पाच-सात वर्षांनी आतली तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. हँडल एका बाजूला वळवल्यावर काटा जागा सोडत असेल तर दोष मानेतल्या वायरीत आहे, सेन्सरला हात लावायची गरजच नाही.

आणि उंदीर. पावसात तो उबदार जागा शोधत सीटखाली येतो आणि वायर कुरतडतो. सीट काढा, टॉर्च मारा. लेंड्या किंवा कापूस दिसला तर तिथल्या वायरी बोटानं चाचपत पुढे जा.

बॅटरी आणि फ्यूज

इथून पुढे एक साधा डिजिटल मल्टीमीटर लागेल. तीनशे-चारशे रुपयांत मिळतो आणि घरातही उपयोगी पडतो.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग काट्याचा विचार करा. इंजिन चालू करून थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ यायला हवं. उभ्या गाडीची बॅटरी पावसाळ्यात हमखास उतरते आणि उतरलेल्या बॅटरीवर डिजिटल मीटर वाटेल ते दाखवतो. दोन महिने बंद असलेल्या गाडीची सुरुवात मी इथूनच करतो.

फ्यूज काढून उजेडात धरा. तार शाबूत असली तरी त्याचे पाय आणि बसायची खाच बघा. तिथेही पांढुरका थर जमतो. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर तिथेच थांबा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी लावून चालवणं म्हणजे पेट्रोलच्या टाकीखाली वायर तापवणं. कुठेतरी शॉर्ट आहे, तो वायरमनलाच शोधू द्या.

कपलर: इथे घाई करू नका

टाकीच्या खालच्या पोटातून किंवा मागच्या कडेनं सेन्सरच्या दोन वायरी निघतात आणि एका छोट्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये जातात. काही गाड्यांत तीन-चार वायरी असतात. सीट काढल्यावर तो बऱ्याचदा दिसतो. नाहीतर टाकीचा मागचा बोल्ट सोडून टाकी जराशी उचलावी लागते. चावी बंद करा. कपलरची जीभ दाबून तो सोडवा. वायरीला धरून ओढू नका.

गेल्याच आठवड्यात देवबागच्या एका गाडीचा कपलर उघडला. बाहेरून पांढराशुभ्र. आत दोन पिना. एक पितळेसारखी पिवळी चकचकीत, आणि दुसरीवर तांब्या-पितळेच्या भांड्याला धरतो तसा हिरवा कळंक, इतका की पिन जाड झाल्यासारखी दिसत होती. नखानं खरवडल्यावर हिरवी भुकटी पडली आणि खाली पिनेचा अर्धाच भाग उरलेला. त्या पिनेमागच्या वायरीचं प्लॅस्टिक बोटभर सोललं तर आतली तार काळी आणि भुसभुशीत. खारं पाणी तारांच्या मधल्या फटींतून आत आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. म्हणून नुसती पिन घासून भागत नाही. वायर थोडी थोडी कापत मागे जायचं, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. त्या गाडीत चार बोटं मागे जावं लागलं. नवी पिन, सोल्डर, वर तापवल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंकची नळी. काटा लगेच वर आला.

कळंक थोडाच असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशनं घासा, परत मारा आणि पूर्ण सुकू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. त्यानं काटा दोन दिवस चालतो, पण तो तेलकटपणा धूळ धरतो आणि महिन्याभरात गाडी परत दारात. कपलर आठ-दहा वेळा लावून काढून बघा. तेवढ्यानंही पिना घासून साफ होतात. सैल बसत असेल तर मादी, म्हणजे पोकळ, पिन टाचणीनं किंचित आवळा. शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ते नसेल तर व्हॅसलीन चालतं. ग्रीसचा उपयोग खारी हवा बाहेर ठेवण्यापुरता आहे. पिना एकमेकींना घट्ट भिडल्याच पाहिजेत.

गाडी धुण्याबद्दल इथेच सांगतो. प्रेशरच्या पाण्यानं धुतलं की पाणी नेमकं या कपलरमध्ये घुसतं. बादलीनं धुवा, गोड्या पाण्यानं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तसल्या पाण्यानं गाडी धुणं म्हणजे मीठ धुऊन परत मीठच लावणं.

अर्थिंग

चासीवर एका बोल्टखाली एक किंवा जास्त वायरी गोल कडीनं आवळलेल्या असतात, बहुतेक बॅटरीजवळ किंवा टाकीखाली. तिथे पोचायला कधी वेळ लागतो, पण काम स्वस्त आहे.

बोल्ट घट्ट आहे का एवढंच बघून पुढे जाऊ नका. घट्ट बोल्टखालीही गंजाचा पापुद्रा असतो. मी असं तपासतो: मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन सेन्सरच्या अर्थ वायरीवर. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूनं पिन टेकवायची. चावी चालू, हेडलाइट चालू. जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. ओहमवर हीच वायर कधीकधी ठीक दिसते, कारण मल्टीमीटर फार कमी करंट सोडतो. लोड असतानाच खरं कळतं.

बोल्ट काढा, कडी आणि चासी दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं नको. मासे वाहणाऱ्या गाडीला हे काम मी दर पावसाळ्याआधी सांगतो.

दोष कुठल्या बाजूला: मीटर की सेन्सर?

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता वाट दोन भागांत विभागायची. चावी बंद करून सेन्सरचा कपलर सोडवा, मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवा आणि टाकीकडून आलेल्या दोन वायरींवर लावा. गाडी हळूच डावी-उजवी हलवा. आकडा सावकाश फिरायला हवा. बऱ्याच गाड्यांत तो साधारण १० ते १०० ओहमच्या दरम्यान राहतो, काहींत बराच वर जातो. २०० ची मर्यादा ओलांडली तर एक पायरी वरच्या रेंजवर बघा. काही गाड्यांत फुल टाकीला आकडा कमी, काहींत उलट, त्यामुळे नेमकं प्रमाण आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. कुठल्याच रेंजवर आकडा उमटत नसेल, म्हणजे नुसता १ किंवा ओएल दिसत असेल, तर सेन्सरची आतली वाट तुटलेली आहे. आकडा अजिबात हलत नसेल तर फ्लोट अडकलाय किंवा बुडालाय. मधेच उडी मारत असेल तर रोधाची पट्टी झिजलीय.

जुन्या, साध्या काट्याच्या गाडीत आणखी एक सोपी खूण आहे. टाकीचं झाकण बंद, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री, कपलर सुटा आणि चावी चालू. काटा एका टोकाला जाईल. आता मीटरकडे जाणाऱ्या बाजूच्या दोन पिना वायरीच्या तुकड्यानं दोन-तीन सेकंद जोडा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक, दोष टाकीत. काटा जागचा हलला नाही तर दोष वर आहे.

डिजिटल मीटरच्या किंवा इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग करू नका. तिथे या वायरी इलेक्ट्रॉनिक सर्किटला जातात, आणि चुकीच्या दोन पिना जोडल्या तर ठीक असलेला मीटर तुम्हीच घालवून बसाल. तिथे फक्त ओहम मोजून थांबा.

सेन्सर बाहेर काढताना

कार्ब्युरेटरच्या गाडीचा सेन्सर हातात थोडाफार सराव असलेला माणूस काढू शकतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बऱ्याचदा पंपाच्या जोडीलाच असतो आणि तिथली पेट्रोलची नळी दाबाखाली असते. ती घरी सोडू नका. हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगतो.

काम अंगणात, मोकळ्या हवेत. कोकणातल्या घरात न्हाणीची चूल धुमसत असते आणि ती कोणाच्या लक्षातही नसते. ती विझलेली आहे ना बघा. तुळशीपाशी दिवा लागायच्या आधी काम आटपा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉक बंद करून नळी सोडवा, पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये काढून दूर ठेवा. पाण्याच्या बाटलीत नको. रेतीची बादली शेजारी असू द्या.

काढलेलं पेट्रोल थोडं काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर बसला तर टाकीत पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला उतरतात. सेन्सरची बिजागरी तिथेच गंजते. पाणी येतं कुठून, तर झाकणाभोवती पडणारा पाऊस खाली सोडणारी एक बारीक नळी असते ती तुंबते म्हणून. कुंभारमाशीला ही नळी फार आवडते. उभ्या गाडीच्या नळीत ती मातीचं घर करून ठेवते, झाकणाच्या खळग्यात पाणी साचतं आणि रबर जुनं झालं असेल तर आत उतरतं. नळीत बारीक तार घालून बघा. माझ्या अनुभवात दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे तपासलंच पाहिजे.

सेन्सरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सोडा. बाहेर काढताना दांडा वाकणार नाही असा तिरका करून काढा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो बुडणारच. जुना पितळी फ्लोट असेल तर त्याला डाग देऊन घ्यायचा मोह आवरा. आत पेट्रोलची वाफ असते आणि तापवल्यावर तो फुटू शकतो. नवाच घ्या. फ्लोट ठीक असेल तर मल्टीमीटर लावून दांडा हातानं सावकाश वर-खाली करा. बिजागरी घट्ट झाली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं मोकळी होते. पट्टीवर काळपट थर असेल तर क्लीनर लावलेल्या मऊ फडक्यानं पुसा. पॉलिश पेपर तिथे लावायचा नाही, रोधाचा थर कागदाइतकाही जाड नसतो. पुसूनही आकडा उडत असेल तर सेन्सर बदला. दांडा वाकवून काटा बरोबर दाखवायला लावणं म्हणजे एका टोकाला सुधारून दुसऱ्या टोकाला बिघडवणं.

परत बसवताना पॅकिंग किंवा ओ-रिंग नवीच. जुनी ताणलेली ओ-रिंग पेट्रोल गाळते, आणि ते सरळ तापलेल्या इंजिनावर पडतं. आधी अर्धा लिटर घालून पंधरा मिनिटं कोरडा कागद खाली धरून बघा. कागद ओला झाला तर गाडी चालू करू नका.

कुठे थांबायचं

पेट्रोलचा वास येतोय पण गळती सापडत नाही. फ्यूज परत परत उडतोय. टाकीतून गंजाचे पापुद्रे निघतायत. गाडी इंजेक्शनची आहे आणि सेन्सर पंपाला जोडलेला आहे. गाडी वॉरंटीत आहे. यांपैकी काहीही असेल तर हत्यारं खाली ठेवा. वॉरंटीतल्या गाडीचा कपलर कापला तरी पुढचा दावा अडचणीत येऊ शकतो. ती जशी आहे तशीच अधिकृत सेवाकेंद्रात न्या आणि जॉबकार्डावर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: काटा कधी पडतो, पावसात की कोरड्यात, इंडिकेटरबरोबर हलतो का.

मीटरची काच घरी उघडू नका. आतून धुकं धरतं म्हणून काहीजण स्क्रू सोडून हेअर ड्रायर लावतात. सील गेलं की पुढच्या पावसात आत पाणीच भरतं. सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, अर्थिंग ठीक असं मोजून झाल्यावरच मीटरकडे बोट दाखवा, आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून मेकॅनिकला द्या. मीटर बदलावाच लागला तर जुन्यावरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना कोणी शंका घेतली तर तो कागद कामाला येतो.

दुरुस्तीनंतर

काटा वर आला म्हणून लगेच त्याच्यावर विसंबू नका. टाकी जवळजवळ रिकामी असताना गाडी सरळ उभी करून मापानं एक-एक लिटर घाला. प्रत्येक लिटरनंतर दोन मिनिटं थांबून काटा कुठे आला ते लिहा. बहुतेक टाक्यांचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असतो, इंजिनावर बसणारी खाच मधे असते, त्यामुळे काट्याच्या रेघा समान लिटरच्या नसतात. वरचा अर्धा भाग सावकाश सरकतो आणि खालचा भराभर. हा दोष नाही, पण तो माहीत नसल्यामुळे माणसं दुरुस्त झालेली गाडी परत घेऊन येतात.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला आणि दमट हवेतल्या पाण्याला जागा कमी राहील. घरात कोणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा चावी लावून दहा मिनिटं चालवायला सांगा.

लिटरचा तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली चिकटवा. माझ्या स्वतःच्या गाडीच्या कागदावर लिहिलंय की काटा लाल रेघेला टेकला तेव्हा टाकीत सव्वा लिटर असतं. आचऱ्याहून मालवणात यायला तेवढं पुरतं.